हप्ता ठरलेला, भाडं बेभरवशाचं

वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ४४ वर्षांची आहे. नोकरीला १९ वर्षं झाली, थोडी शिल्लक साठली आहे. धाकटे दीर आणि मी मिळून घरं भाड्यानं देण्याचा व्यवसाय सुरू करावा असं मनात आहे. दोन घरं कर्ज काढून घ्यायची. भाडं हप्त्याच्या सव्वापट येईल असं एजंट सांगतात, म्हणजे हप्ता भागून दरमहा काही उरेल. दीर म्हणतात, 'वहिनी, जागेचा भाव कधी खाली येत नाही, धोका कसला?' त्यांचा आणखी एक बेत आहे. काही घरं पाच-पाच वर्षांच्या करारानं भाड्यानं घ्यायची आणि पर्यटकांना दिवसाच्या हिशेबानं द्यायची. व्यवसाय मार्गी लागला की मी नोकरी सोडीन. कागदावर सगळं चांगलं दिसतंय, तरी रात्री झोप लागत नाही. यात धोका किती आहे, हे मोजायचं कसं?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातला 'सव्वापट' हा शब्द मी वहीत उतरवून घेतला. सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

हप्ता १०० धरा. भाडं १२५. वर्षाचं भाडं १,५००, वर्षाचे हप्ते १,२००, हातात ३००. एजंटनं दाखवलेलं गणित एवढंच आहे. आता घर वर्षातून एक महिना रिकामं राहिलं असं धरा. जुना भाडेकरू गेला, रंग दिला, नवा मिळाला, त्याचं सामान यायला पंधरवडा लागला, की महिना कुठं गेला कळत नाही. भाडं राहिलं १,३७५. त्यातून घराचा कर, इमारतीचा मेंटेनन्स, विमा, एजंटचं कमिशन, नळ-वायरिंगची डागडुजी. या सगळ्यासाठी मी आलेल्या भाड्याचा पाचवा हिस्सा बाजूला काढते. जुन्या घराला तोही कमी पडतो. पाचवा हिस्सा म्हणजे २७५. उरले १,१००. हप्ते मात्र १,२००. म्हणजे ३०० उरायचे सोडून वर्षाकाठी १०० पदरचे घालायचे. आणि या वर्षात वाईट असं काहीच घडलेलं नाही बरं का. भाडेकरू सज्जन आहे, पैसे वेळेवर येतायत, व्याजदर जागचा हललेला नाही, प्राप्तिकर तर मी धरलेलाच नाही. हे तुमचं चांगलं वर्ष आहे.

व्याजदर हलला तर? कर्ज बदलत्या दराचं असेल आणि दर ७ टक्क्यांवरून ९ वर गेला, तर २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता साधारण १६ टक्क्यांनी वाढतो. १०० चे ११६. बँक कधीकधी हप्ता न वाढवता मुदत वाढवते, त्यामुळे महिन्याला चटका बसत नाही, पण फेडायची वर्षं लांबतात. हे फार दूरचं भय नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा दर मार्च २०२२ पर्यंत शून्याला टेकलेला होता, आणि जुलै २०२३ मध्ये तो सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर होता. सोळा महिन्यांत. शून्याच्या दिवसांत ज्यांनी पै-पैचा हिशेब करून इमारती घेतल्या होत्या, त्यांची गणितं इमारतीला तडा न जाता कोसळली.

दिरांच्या वाक्याकडे येते. जागेचा भाव खाली येतो. अमेरिकेत २००६ ते २०१२ या काळात देशभरातल्या घरांचे भाव सरासरीनं पाव हिश्श्याहून जास्त पडले. जपानमध्ये १९९१ च्या सुमारास जमिनीच्या भावानं शिखर गाठलं आणि पुढं दहा वर्षांहून जास्त काळ तो उतरतच राहिला. तिथंही त्याआधी सगळे हेच म्हणत होते, की जमीन कुठं जाते. दिरांचा अनुभव खोटा नाही, पण तो तेजीच्या वर्षांचा आहे, आणि त्यांनी भाव पाहिला आहे तो कर्ज नसलेल्या डोळ्यांनी. कर्ज असलं की भाव वेगळाच दिसतो. घराची किंमत १००, त्यात तुमचे २० आणि बँकेचे ८० असं धरा. भाव १० टक्के चढला तर तुमच्या २० वर १० मिळाले, म्हणजे दीडपट. आनंदच आहे. तोच भाव १० टक्के उतरला तर बँकेचे ८० तसेच राहतात आणि तुमच्या २० मधले १० जातात. घराचा दहावा हिस्सा गेला, तुमचा मात्र अर्धा. शिवाय विकायला काढलंत तर कमिशन आणि कागदपत्रांचा खर्च उरलेल्या १० मधूनच.

पण ताई, नुसता भाव पडल्यानं माणूस बुडत नाही. भाव पडलेलं घर तुम्ही दहा वर्षं धरून ठेवू शकलात, तर पडलेला भाव फक्त कागदावर असतो. बुडतो तो, ज्याला नेमकं त्याच वेळी विकावं लागतं. म्हणून धोका किती हे मला विचाराल तर मी महिन्यांत सांगते. दोन्ही घरं रिकामी आहेत, भाड्याचा एक पैसा येत नाही, अशा स्थितीत तुम्ही किती महिने हप्ते, कर आणि मेंटेनन्स भरू शकता? दागिने न मोडता, कुणाकडं हात न पसरता. तो आकडा म्हणजे तुमची ताकद. काढायलाही सोपा आहे. बँकेत लगेच काढता येतील असे पैसे एका बाजूला, दोन्ही घरांचा महिन्याचा ठरलेला खर्च दुसऱ्या बाजूला. भागाकार करा. इसार, नोंदणी, दुरुस्ती हे सगळं देऊन झाल्यावर जे उरेल त्याचाच भागाकार करायचा, आजच्या शिल्लकीचा नाही. आणि भाडेकरूची अनामत रक्कम त्यात अजिबात धरू नका. ती त्याची आहे, तो जाईल त्या दिवशी द्यायची आहे, आणि तो जाईल तेव्हाच घर रिकामं झालेलं असेल.

मी सहा महिन्यांच्या खाली जात नाही. हा काही शास्त्रातला नियम नाही. मी एकदा दोन महिन्यांवर होते, त्यातून आलेला आहे.

माझी तेव्हा दोन घरं होती. पहिलं लहानसं, उजेडाचं, भाडेकरू टिकून राहणारं. दुसरं मोठं, वरून छान, मी घाईनं घेतलेलं. दुसऱ्या घरातलं कुटुंब सोडून गेलं त्या संध्याकाळी मी किल्ल्या घ्यायला गेले. बेडरूममधलं लाकडी कपाट त्यांनी हलवलं होतं. मागची भिंत छातीइतक्या उंचीपर्यंत काळपट हिरवी झाली होती. बोट लावलं तर पोपडा सुटून हातात आला, आतलं प्लास्टर ओल्या साखरेसारखं. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्यानं हातोडीच्या दांड्यानं बाथरूमच्या फरशा एकेक ठोकून पाहिल्या. काही टणक वाजत होत्या, काही पोकळ. "ताई, हे तुमचं पाणी नाही, वरच्या मजल्याचं आहे," तो म्हणाला. वरच्या मालकांना पटवणं, त्यांच्या घरी फरशी उखडायला तारीख मिळणं, कुणी किती पैसे द्यायचे यावर बोलणी, मग भिंत वाळण्याची वाट. भिंतीला तुमच्या हप्त्याची तारीख कळत नाही. साडेचार महिने गेले.

दोन महिन्यांनी माझे पैसे संपले होते. विकायचं ठरवलं. आणि तेव्हा मला कळलं की ओल आलेलं घर कुणी बघायलाही येत नाही. गिऱ्हाईक आलं ते पहिल्या घराला, चांगल्याला. मी ते विकलं, बाजारात मिळाला असता त्याहून बऱ्याच कमी भावात, कारण घेणाऱ्याला माझी निकड दिसत होती. गरजवंताला भाव नसतो. जे ठेवायचं ते गेलं आणि जे टाकायचं ते राहिलं. आणखी तीन महिने तग धरता आला असता तर दोन्ही घरं आज माझ्याकडं असती. ते दार बंद करून किल्ली दिली तेव्हाची पायरी अजून आठवते मला.

आता एक गोष्ट जपून वाचा, कारण अंदाज काढताना बहुतेक जण इथंच चुकतात. भाडं थकणं, भाडं उतरणं, भाव पडणं, बँकेनं नवं कर्ज नाकारणं, स्वतःची नोकरी जाणं, हे पाच धोके आपण वेगवेगळे मोजतो आणि म्हणतो, एवढं सगळं एकदम कसं होईल? पण त्यांचं मूळ बऱ्याचदा एकच असतं. मंदी आली की लोकांच्या नोकऱ्या जातात, म्हणून भाडं थकतं. भाडं थकतं म्हणून मालक विकायला काढतात, विकणारे वाढले म्हणून भाव पडतो. भाव पडला म्हणून बँक तारणाची किंमत कमी धरते आणि हात आखडता घेते. तुमचे पगाराचे पैसेही त्याच हवेतून येतात. त्यामुळे 'नोकरीच्या जोरावर हप्ता भरू' हा आधार आणि 'गरज पडली तर घर विकू' हा आधार, दोन्ही एकाच दिवशी ढासळू शकतात. दोन घरं एकाच इमारतीत किंवा एकाच कारखान्याच्या, एकाच कॉलेजच्या भरवशावर असतील तर आणखीनच. कारखाना बंद पडला की दोन्ही घरांच्या किल्ल्या एकाच आठवड्यात परत येतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: दोन नको, एक घ्या. एक घर म्हणजे ते रिकामं झालं की उत्पन्न शून्य, हे खरं. पण एका घराचा खर्च तुमच्या पगारातून निघू शकतो, दोन घरांचा नाही. पहिल्या घरावर दोन वर्षं काढा. एक भाडेकरू जाऊन दुसरा येऊ द्या, एक मोठी दुरुस्ती अंगावर येऊ द्या. मग तुमच्या हातात एजंटचा सव्वापट नसेल, तुमचा स्वतःचा आकडा असेल.

दिरांच्या दुसऱ्या बेताची मला जास्त काळजी वाटते. घर विकत घ्यायचं नाही म्हणजे धोका कमी, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात त्यात पाच वर्षं भाडं द्यायचं बंधन तुमच्यावर, आणि पर्यटकावर बंधन फक्त तीन रात्रींचं. विकत घेतलेलं घर निदान विकता तरी येतं. करार विकता येत नाही. वीवर्क या कंपनीचं उदाहरण दिरांना जरूर सांगा. मोठमोठी ऑफिसं लांबच्या मुदतीनं भाड्यानं घ्यायची आणि थोड्या थोड्या काळासाठी, अगदी टेबलाच्या हिशेबानं, पुढं द्यायची, हा त्यांचा धंदा. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीची किंमत ४७ अब्ज डॉलर धरली गेली होती. मग कोरोनाची साथ आली, ऑफिसं ओस पडली, टेबलं घेणारे निघून गेले आणि इमारतींची भाडी मात्र चालूच राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला. एवढं भांडवल पाठीशी असूनही जी फट त्यांना बुजवता आली नाही, तीच फट तुमच्या दोन-चार घरांच्या करारांत असणार आहे.

याच बेतात दुसरा धोका नियमांचा. पर्यटकांना घरं देण्यामुळं राहणाऱ्यांना घरं महाग होतात, म्हणून कितीतरी शहरं यावर लगाम घालतायत. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर देणाऱ्याला नोंदणी सक्तीची झाली, आणि मालकानं स्वतः त्या घरात राहण्याची अटही त्यात आहे. बार्सिलोनानं जून २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांसाठीच्या सुमारे १०,००० घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. तुमच्या गावी आज तसा नियम नसेलही. पण पाच वर्षांचा करार करताना पाच वर्षांत नियम बदलणार नाही हे तुम्ही गृहीत धरताय. हे करायचंच असेल तर मूळ मालकाकडून पोटभाड्यानं द्यायची परवानगी लेखी घ्या, इमारतीचे नियम वाचा, आणि करारात दोन महिन्यांची नोटीस देऊन तुम्हाला बाहेर पडता येईल असं कलम घाला. मालक त्या कलमाला तयार नसेल तर मी सही करणार नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. मालकी हक्क साफ आहे का, घरावर आधीचा बोजा किंवा दावा आहे का, बांधकामाला आणि राहायला परवानगी आहे का, हे तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या. विकणाऱ्यानं किंवा एजंटनं सुचवलेला वकील नको. वकिलाची फी वाचवून इसार देऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि सगळं तपासून होईपर्यंत इसार परत मिळेल अशी अट लेखी असू द्या.

भाडेकरूचा धोका लोक फार मोठा करून सांगतात. भाडं बुडवणारे असतात, आणि कायद्यानं घर रिकामं करून घ्यायला बऱ्याच ठिकाणी महिने लागतात, हेही खरं. पण माझ्या अनुभवात भाडेकरूच्या वाईटपणामुळं जितके पैसे गेले, त्याच्या कितीतरी पट चांगला भाडेकरू कंटाळून निघून गेल्यामुळं गेले. गळणारा नळ पंधरा दिवस तसाच ठेवला, फोन उचलला नाही, दर वर्षी भाडं ओढून वाढवलं, की माणूस दुसरं घर बघायला लागतो. बाजारापेक्षा थोडं कमी भाडं देऊन सहा वर्षं राहणारं कुटुंब मला हवं असतं. एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या भाड्याचे आठ टक्के गेले. तेवढी वाढ मागून भाडेकरू गमावण्यात काय हशील आहे? पण फोन उचलायला कुणीतरी हवं. रात्री साडेदहाला पाणी आलं नाही म्हणून फोन आला तर तुमच्या दोघांपैकी कोण जाणार आहे?

इथून मी दिरांकडं वळते, आणि हे लिहिताना थोडा जीव कचरतो. भागीदारीबद्दल तुमच्या पत्रात एकच शब्द आहे, 'मिळून'. पैसे कुणाचे किती, कर्ज कुणाच्या नावावर, घर कुणाच्या नावावर, यातलं काहीच नाही. पगार तुमचा आहे, म्हणजे बँक कर्ज तुमच्या नावावर देईल किंवा तुम्हाला सहकर्जदार करील. दिरांनी उद्या हप्त्याचा वाटा दिला नाही तर बँक अर्धा हप्ता मागणार नाही, पूर्ण मागेल, तुमच्याकडं. जामीन राहिलात तरी तेच. त्यांच्यावर माझा अविश्वास नाही, मी त्यांना ओळखतही नाही. पण उद्या त्यांना दुसरीकडं पैसे लागले, आजारपण आलं, किंवा एकाला विकायचं आणि एकाला ठेवायचं असं झालं, तर काय करायचं हे आज गोडीनं बसून लिहून काढता येतं. तेव्हा नाही येणार. घराची किंमत कोण ठरवणार, एकानं दुसऱ्याचा वाटा किती दिवसांत घ्यायचा, दोघांतलं कुणी गेलं तर वारसांचं काय, हेही त्यात हवं. दिरांना वाईट वाटेल असं वाटत असेल तर त्यांना सांगा की सल्ला देणाऱ्या बाईंनी हट्ट धरला. माझ्यावर ढकला खुशाल.

राहिली नोकरी. ती सोडू नका. व्यवसाय मार्गी लागला की सोडीन असं लिहिलंत, पण मार्गी लागणं म्हणजे काय हे लिहिलं नाहीत, आणि तेच आधी ठरवायला हवं. मी ठरवलं असतं तर असं: रिकामे महिने आणि दुरुस्ती धरून सलग दोन वर्षं घरानं स्वतःचा हप्ता स्वतः भरला, सहा महिन्यांची गंगाजळी एकदाही मोडावी लागली नाही, आणि वर उरलेल्या पैशांत तुमच्या घरखर्चाचा निदान अर्धा भाग निघाला. तोवर पगार हाच तुमच्या व्यवसायाचा सगळ्यात भक्कम खांब आहे. बँकही तुम्हाला कर्ज देतेय ती त्या पगाराकडं बघूनच.

एजंटनं दाखवलेल्या घराबद्दल एक शेवटचं. ते पुन्हा बघायला जा, एजंटशिवाय, आणि जमलं तर मुसळधार पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी. कपाटं भिंतीपासून हलवायला सांगा. बाथरूमच्या फरशा ठोकून बघा, सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा दाब बघा. मग शेजारचं दार वाजवून विचारा, की या घरात आधी कोण राहत होतं, किती दिवस राहिलं, आणि का गेलं. आलेली उत्तरं आणि तुमचा महिन्यांचा आकडा मला कळवा. तो सहाच्या वर असेल आणि भिंती कोरड्या असतील, तर पुढच्या पत्रात आपण करारातली कलमं एकेक करून बघू.

तुमची
सल्लागार मैत्रीण